‘टू डू’ की ‘टू बी डन’? इंग्रजी क्रियापदापुढचं पॅसिव्ह इन्फिनिटिव्ह

अर्धविराम
भाषांतरं तपासायचं काम करते. मराठीतून इंग्रजीत आलेल्या मसुद्यांमध्ये एक घोटाळा हमखास सापडतो. इंग्रजी वाक्यंही देवनागरीतच लिहिते, कळफलक सारखा बदलायचा कंटाळा येतो.

‘द रिपोर्ट नीड्स टू सबमिट बाय मंडे.’
‘शी एक्स्पेक्ट्स टू प्रमोट धिस इयर.’
‘ही आस्क्ड टू एक्स्क्यूज फ्रॉम द मीटिंग.’

तिन्ही ठिकाणी ‘टू बी’ आणि क्रियापदाचं तिसरं रूप (म्हणजेच पॅसिव्ह इन्फिनिटिव्ह) हवं हे मला दिसतं: ‘टू बी सबमिटेड’, ‘टू बी प्रमोटेड’, ‘टू बी एक्स्क्यूज्ड’. दुरुस्त करून पाठवते. पण लिहिणाऱ्याने ‘का?’ विचारलं की ‘तसंच असतं’ यापलीकडे उत्तर देता येत नाही. आणि एकदा दुरुस्ती केली की पुढच्या खेपेला उलटी गंमत होते. माणूस धास्तावून सगळीकडेच ‘टू बी’ पेरतो. मग ‘धिस प्रॉब्लेम इज ईझी टू बी सॉल्व्ड’ आणि ‘द ॲक्सिडेंट इज सेड टू बी हॅपन्ड’ अशी रत्नं हाती येतात.

कोणत्या क्रियापदांनंतर ‘टू बी डन’ येतं याची यादी आहे का कुणाकडे? की यादीपेक्षा सोपं काही आहे?

पाटीपेन्सिल
यादीच्या मागे लागू नका. ‘वॉन्ट’च्या पुढे ‘टू डू’ही येतं आणि ‘टू बी डन’ही येतं, मग त्याला कुठल्या यादीत घालणार? क्रियापदावरून ठरत नाही ते, अर्थावरून ठरतं.

चूक कुठून येते ते आधी बघू. मराठीतलं ‘करायला’, ‘करायचं’ हे रूप कर्ता कोण याबद्दल तोंड उघडत नाही. ‘मला बोलवायला हवं होतं’ हे वाक्य घ्या. मी कुणाला तरी बोलवायला हवं होतं, असाही अर्थ होतो. त्यांनी मला बोलवायला हवं होतं, असाही होतो. संदर्भावरून आपल्याला बरोब्बर कळतं म्हणून आपलं कधी अडत नाही. ‘अहवाल सोमवारपर्यंत सादर करायला हवा’ यातही सादर करणारा गायब आहे आणि तो असावा अशी कुणाची तक्रारही नाही.

इंग्रजीत ‘टू सबमिट’ म्हटलं की ऐकणारा लगेच कर्ता शोधतो, आणि जवळचा म्हणून पहिल्या क्रियापदाचा कर्ताच पकडतो. ‘द रिपोर्ट नीड्स टू सबमिट’ म्हणजे रिपोर्टलाच काहीतरी सादर करायचं आहे. म्हणून एकच प्रश्न विचारायचा: पहिल्या क्रियापदाचा जो कर्ता आहे, तो दुसरी क्रिया करतोय की ती त्याच्यावर होतेय? करत असेल तर ‘टू सबमिट’, होत असेल तर ‘टू बी सबमिटेड’. बस.

आता हे जवळून बघा:

‘शी आस्क्ड टू एक्झामिन हिम.’ विनंती तिची, तपासणारीही तीच.
‘शी आस्क्ड टू बी एक्झामिन्ड.’ विनंती तिची, तपासणी मात्र तिची स्वतःची व्हायची आहे.
‘शी वॉज आस्क्ड टू एक्झामिन हिम.’ विनंती दुसऱ्याने तिला केली, तपासायचं तिने.
‘शी वॉज आस्क्ड टू बी एक्झामिन्ड.’ विनंतीही तिला, तपासणीही तिची. व्याकरणात बसतं, पण बोलताना लोक इथे ‘टू गेट एक्झामिन्ड’ किंवा वेगळंच काहीतरी म्हणतील.

पॅसिव्ह दोन वेगवेगळ्या जागी बसू शकतो आणि एका जागेचा दुसरीशी संबंध नाही, हे या चार वाक्यांवरून ध्यानात येईल. बरेच जण ‘वॉज आस्क्ड’ लिहिलं म्हणजे पॅसिव्हचं काम झालं असं समजून पुढे सोडून देतात. किंवा उलट, पुढचा पॅसिव्ह मागे ओढतात.

नवशिकी
धाग्याला खूण करून ठेवतेय.
एक शंका. ‘द वॉल नीड्स पेंटिंग’ असंही ऐकलंय. त्यात ना ‘टू’ ना ‘बी’. तरी अर्थ ‘रंगवली जायला हवी’ असाच. ते चूक की बरोबर?

पाटीपेन्सिल
अगदी बरोबर. ‘नीड’, ‘रिक्वायर’, ‘डिझर्व्ह’ आणि ब्रिटिश बोलण्यात ‘वॉन्ट’ यांच्यापुढे नुसतं ‘-इंग’ रूप आलं तरी अर्थ पॅसिव्हचाच निघतो. ‘द वॉल नीड्स पेंटिंग’ आणि ‘द वॉल नीड्स टू बी पेंटेड’ यांत फरक नाही. इथे ‘नीड्स बीइंग पेंटेड’ करायचं नाही, ते डबल होतं. ‘युवर हेअर वॉन्ट्स कटिंग’ हे ब्रिटिश माणूस सहज म्हणतो. तिथे ‘वॉन्ट’चा अर्थ इच्छा नसून गरज असा आहे.

‘डिझर्व्ह’बाबत जरा सांभाळा. ‘ही डिझर्व्ज टू बी हर्ड’ हेच जास्त चालतं. ‘डिझर्व्ह’नंतरचं ‘-इंग’ आज जुनाट वाटतं.

टोकदार
त्यात भर. स्कॉटलंडमध्ये आणि अमेरिकेत पिट्सबर्गच्या आसपास ‘द कार नीड्स वॉश्ड’ असं सर्रास बोलतात. ‘टू बी’ सरळ गिळून टाकतात. तिथल्या बोलीत ते चूक नाही, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. परीक्षेत मात्र लिहू नका, तपासणारा स्कॉटिश निघण्याची शक्यता कमी.

उंटावरचा शहाणा
सगळं ठीक. पण पॅसिव्ह टाळा असं लेखनाची प्रत्येक मार्गदर्शिका कानीकपाळी ओरडून सांगते. मग एवढा अभ्यास कशाला? कर्ता घाला आणि मोकळे व्हा. ‘समवन मस्ट सबमिट द रिपोर्ट.’ झालं काम.

चष्मिष
शहाणे, उंटावरून उतरा जरा. तो सल्ला मुख्य क्रियापदाबद्दल आहे. ‘मिस्टेक्स वेअर मेड’ लिहून जबाबदारी झटकू नका, एवढाच त्याचा मथितार्थ. ‘आय वॉन्ट टू बी पेड’ इथे काय कराल? ‘आय वॉन्ट समवन टू पे मी’? तो ‘समवन’ घुसवल्याबरोबर वाक्य भीक मागितल्यासारखं होतं. पैसे देणारा कोण ते सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणूनच त्याचं नाव घ्यायचं नाही. ‘नोबडी लाइक्स टू बी लाफ्ड ॲट’ यात हसणारे कोण हे सांगत बसलात तर वाक्याचा जीवच जातो.

शिवाय या वाक्यांचा कर्ता एकच राहतो, हा मोठा फायदा. ‘ती’बद्दल बोलतोय तर ‘ती’च पुढे राहते. ‘शी अप्लाइड, होप्ड टू बी सिलेक्टेड, ॲण्ड वॉज.’ असं लिहिताना कॅमेरा हलत नाही.

मला वेगळाच मुद्दा मांडायचाय, तो शाळेत शिकलेल्या ‘कर्मणी प्रयोगा’चा. आपण समजतो पॅसिव्ह म्हणजे कर्मणी. तसं नाही. ‘तिने पत्र लिहिलं’ हा मराठी व्याकरणात चोख कर्मणी प्रयोग, कारण क्रियापद पत्राच्या लिंगवचनाप्रमाणे चालतं. पण इंग्रजीत तेच ‘शी रोट अ लेटर’, साधं ॲक्टिव्ह. इंग्रजी पॅसिव्हच्या जवळ जातं ते ‘पत्र लिहिलं गेलं’, ज्याला आपली व्याकरणाची पुस्तकं नवीन कर्मणी किंवा कर्मकर्तरी म्हणतात. शाळेत ‘कर्मणी म्हणजे पॅसिव्ह’ हे समीकरण एकदा डोक्यात बसलं की पुढे ‘टू बी’ नेमकं कुठे घालायचं याचा अंदाज कायमचा चुकतो. मराठीत ‘जाणे’ सहायक म्हणून आलं तरच इंग्रजीत ‘बी’ येतं असंही नाही, कारण ‘रंगवायला हवी’ मध्ये ‘जाणे’ कुठंय? म्हणून पाटीपेन्सिल म्हणतात तोच प्रश्न विचारायचा. प्रयोगांची नावं घटकाभर बाजूला ठेवा.

कावळोबा
आता थोडं खोल जाऊ, कारण ‘करतोय की होतंय’ या प्रश्नाने नव्वद टक्के काम होतं आणि उरलेल्या दहात खरी मजा आहे. (टक्केवारी माझ्या मनाची, भांडू नका.)

दोन वाक्यं घ्या:
‘आय एक्स्पेक्टेड द डॉक्टर टू एक्झामिन हिम.’
‘आय परस्वेडेड द डॉक्टर टू एक्झामिन हिम.’

दिसायला जुळी भावंडं. आता ‘टू’नंतरचा भाग पॅसिव्ह करा:
‘आय एक्स्पेक्टेड हिम टू बी एक्झामिन्ड बाय द डॉक्टर.’
‘आय परस्वेडेड हिम टू बी एक्झामिन्ड बाय द डॉक्टर.’

‘एक्स्पेक्टेड’वाल्या वाक्याचा अर्थ जिथल्या तिथे राहिला. अपेक्षा एका घटनेची होती आणि घटना तीच आहे. ‘परस्वेडेड’वाल्या वाक्यात उलथापालथ झाली. आधी मी डॉक्टरची मनधरणी केली होती, आता रुग्णाची केली. भाषाशास्त्रज्ञ चॉम्स्कीने १९६५ साली नेमक्या याच धर्तीच्या वाक्यांवर बोट ठेवलं आणि त्यावर पुढे भाषाशास्त्रात ढीगभर लिहिलं गेलं.

सांगायचं हे की क्रियापदांच्या दोन जाती आहेत. ‘सीम’, ‘अपिअर’, ‘टेंड’, ‘हॅपन’, ‘बिगिन’, ‘कंटिन्यू’ ही नुसती वाहक आहेत. कर्त्याशी त्यांचं काही देणंघेणं नसतं, तो ‘टू’नंतरच्या क्रियापदाचा. ‘होप’, ‘रिफ्यूज’, ‘अॅग्री’, ‘आस्क’, ‘प्रिटेंड’, ‘डिमांड’ ही मात्र कर्त्याला धरून असतात. त्याला मन लागतं, इच्छा लागते.

ओळखायची सोपी रीत: कर्त्याच्या जागी निर्जीव वस्तू ठेवून बघा. ‘द लेटर सीम्स टू हॅव बीन ओपन्ड’ छान आहे. ‘द लेटर होप्स टू बी ओपन्ड’ म्हटलं की पत्राला जीव फुटला. परीकथेतच चालेल. म्हणजे ‘होप’ दुसऱ्या जातीतलं. ‘नीड’ आणि ‘हॅव टू’ ही निर्जीव कर्ता मुकाट्याने घेतात, म्हणून कार्यालयीन इंग्रजीत यांच्यापुढे ‘टू बी’चा पूर आलेला दिसतो: ‘द फॉर्म हॅज टू बी साइन्ड’, ‘द फी नीड्स टू बी पेड’.

आणि वाहक जातीत पॅसिव्ह निर्धास्त करा: ‘द कमिटी सीम्स टू हॅव रिजेक्टेड द प्लॅन’ आणि ‘द प्लॅन सीम्स टू हॅव बीन रिजेक्टेड बाय द कमिटी’, दोन्हींचा अर्थ एक. ‘सीम्स’च्या जागी ‘रिफ्यूज्ड’ घालून हा खेळ करून बघा, काय होतं ते सांगा.

नवशिकी
‘द प्लॅन रिफ्यूज्ड टू बी रिजेक्टेड बाय द कमिटी’ 😀 हट्टी प्लॅन दिसतोय.

कावळोबा
पास!

अर्धविराम
हे भन्नाट आहे. आजच्या मसुद्यातली एक गोष्ट इथेच विचारते. ‘वी सजेस्ट द फी टू बी रिड्यूस्ड’ असं आलंय. निर्जीव कर्ता, क्रिया त्याच्यावर होतेय, ‘टू बी’ आहे. सगळं जुळतंय, तरी कानाला खटकतं.

पाटीपेन्सिल
खटकणारच. ‘सजेस्ट’ला कर्म आणि त्यापुढे ‘टू’ हा साचाच मानवत नाही, पॅसिव्ह असो वा नसो. ‘सजेस्ट हिम टू गो’ही चूकच आहे. तिथे ‘दॅट’ घ्यायचं: ‘वी सजेस्ट दॅट द फी बी रिड्यूस्ड.’ हे ‘बी’ नागडंच राहतं. ‘इज’ नाही, ‘वॉज’ नाही, काळ कुठलाही असो. ‘दे सजेस्टेड दॅट द फी बी रिड्यूस्ड.’ ब्रिटिश लेखनात ‘शुड बी रिड्यूस्ड’ही भरपूर दिसतं. ‘इन्सिस्ट’, ‘प्रपोज’ यांचंही तसंच.

‘डिमांड’ अर्धवट आहे. स्वतःसाठी असेल तर ‘ही डिमांडेड टू बी हर्ड’ चालतं. दुसऱ्यासाठी असेल तर ‘ही डिमांडेड दॅट शी बी हर्ड’. ‘ही डिमांडेड हर टू बी हर्ड’ चालत नाही. ‘इन्सिस्ट’ स्वतःसाठी हवं तर ‘इन्सिस्टेड ऑन बीइंग हर्ड’.

याउलट ‘वॉन्ट’, ‘एक्स्पेक्ट’, ‘लाइक’, ‘ऑर्डर’, ‘अलाव’ यांना कर्म आणि ‘टू बी’ दोन्ही खपतं. ‘आय वॉन्ट द वर्क टू बी फिनिश्ड टुडे.’ त्यातून ‘टू बी’ काढलंत तरी वाक्य उभं राहतं: ‘आय वॉन्ट द वर्क फिनिश्ड टुडे.’ दुसरं जास्त ठसकेबाज, साहेबी थाटाचं. ‘ऑर्डर’बाबतही ‘ही ऑर्डर्ड द गेट्स ओपन्ड’ हे अमेरिकन वळण, ‘टू बी ओपन्ड’ दोन्हीकडे चालतं. ‘अलाव’मधून मात्र ‘टू बी’ काढता येत नाही.

टोकदार
‘लेट’, ‘मेक’ आणि ‘सी’, ‘हिअर’ राहिले. यांच्यापुढे ‘टू’ नसतो हे शाळेत घोटवून घेतात, पण पॅसिव्हचं काय हे कुणी सांगत नाही.

‘लेट’ला ‘बी’ लागतो, ‘टू’ नाही: ‘डोन्ट लेट युवरसेल्फ बी फूल्ड.’ तेच ‘अलाव’ने म्हणायचं तर ‘डोन्ट अलाव युवरसेल्फ टू बी फूल्ड.’

‘मेक’ला ‘बी’सुद्धा नको: ‘शी मेड हरसेल्फ हर्ड.’ ‘मेड हरसेल्फ टू बी हर्ड’ म्हणालात तर संपलं. ‘हिअर’चं तसंच: ‘आय हर्ड माय नेम कॉल्ड.’ आणि ‘मेक’ स्वतःच पॅसिव्ह झाला की गेलेला ‘टू’ परत येतो: ‘दे मेड हिम वेट’, पण ‘ही वॉज मेड टू वेट’. यामागे फार तर्क शोधू नका. कानाने पाठ करायचं.

उंटावरचा शहाणा
मला उंटावरच बरं वाटतं, पण एक प्रश्न प्रामाणिक आहे. ‘द वर्क इज एक्स्पेक्टेड टू बी फिनिश्ड’ चालतं. मग ‘द वर्क इज अटेम्प्टेड टू बी फिनिश्ड’ का चालत नाही? रचना तीच की.

चष्मिष
आता कसं बोललात! याला ‘डबल पॅसिव्ह’ म्हणतात. फाउलर या कोशकारांनी १९२६ सालच्या त्यांच्या इंग्रजी वापरकोशात या रचनेवर स्वतंत्र नोंद लिहून कोरडे ओढलेत.

तपासायची पद्धत: पुढचा पॅसिव्ह तसाच ठेवून फक्त मागचं क्रियापद ॲक्टिव्ह करा. ‘दे एक्स्पेक्ट द वर्क टू बी फिनिश्ड’ होतं, म्हणून ‘इज एक्स्पेक्टेड टू बी फिनिश्ड’ही होतं. ‘दे अटेम्प्ट द वर्क टू बी फिनिश्ड’ होत नाही, म्हणून त्याचं पॅसिव्हही नाही. तिथे ‘ॲन अटेम्प्ट इज बीइंग मेड टू फिनिश द वर्क’ किंवा सरळ ‘दे आर ट्राइंग टू फिनिश द वर्क’.

कायद्याच्या इंग्रजीत ‘द ऑर्डर सॉट टू बी चॅलेंज्ड’ पदोपदी दिसतं. तेही याच जातीचं. वकिली कागदात त्याला इतकं मुरलेलं स्थान आहे की मी तिथे हात लावत नाही. बाहेरच्या लेखनात मात्र छाटते.

उंटावरचा शहाणा
थांबा थांबा. ‘ही इज सेड टू बी इन्व्हॉल्व्ह्ड’ हे तर रोज छापून येतं. तुमच्या परीक्षेप्रमाणे ‘दे से हिम टू बी इन्व्हॉल्व्ह्ड’ व्हायला हवं. होतं का?

चष्मिष
नाही होत. बरोबर पकडलंत. ‘सेड’ आणि ‘रूमर्ड’ हे दोघे त्या परीक्षेला न बसता पास झालेले. यांचं ॲक्टिव्ह जोडीदार रूपच नाही, ‘टू’ घेऊन ते फक्त पॅसिव्हमध्येच येतात. ‘बिलीव्ह’, ‘नो’, ‘रिपोर्ट’, ‘थिंक’ यांना निदान जड भाषेत तरी ॲक्टिव्ह रूप असतं.

अर्धविराम
म्हणजे माझ्या ‘द ॲक्सिडेंट इज सेड टू बी हॅपन्ड’मध्ये ‘इज सेड’ ठीक आहे, गडबड ‘टू बी हॅपन्ड’मध्ये आहे?

पाटीपेन्सिल
हो. आणि ती चूक मराठी माणसाकडून सहज होते. ‘अपघात झाला’ मध्ये ‘होणे’ आलं की हात आपोआप ‘बी’कडे जातो. पण ‘हॅपन’ अकर्मक. ज्याला कर्मच नाही त्याचं पॅसिव्ह कुठून आणणार? ‘हॅपन’, ‘ऑकर’, ‘अराइझ’, ‘डाय’, ‘डिसअपिअर’, ‘बिलाँग’, ‘कन्सिस्ट’ यांच्यामागे ‘टू बी’ लावून तिसरं रूप ठेवलं की चूक झालीच म्हणून समजा. घटना होऊन गेली असेल तर ‘टू हॅव हॅपन्ड’. ‘द ॲक्सिडेंट इज सेड टू हॅव हॅपन्ड ॲट नाइट.’

इथून काळाकडे वळतो. ‘टू बी’ आणि ‘टू हॅव बीन’ यांतला फरक काही ठिकाणी फार मोठा असतो.

‘द लेटर सीम्स टू बी रिटन इन हेस्ट’ म्हणजे समोरचं पत्र घाईत लिहिलेलं दिसतंय. नजर आत्ताच्या स्थितीवर. ‘सीम्स टू हॅव बीन रिटन इन हेस्ट’ म्हणजे ते लिहिलं गेलं तेव्हा घाई होती. नजर मागच्या क्रियेवर. इथे दोन्ही चालून जातात.

पण हे बघा: ‘द रिपोर्ट वॉज टू बी पब्लिश्ड इन जून.’ जूनमध्ये प्रसिद्ध व्हायचा होता. झाला की नाही ते वाक्य सांगत नाही. ‘द रिपोर्ट वॉज टू हॅव बीन पब्लिश्ड इन जून.’ व्हायचा होता, पण झाला नाही. एवढ्याशा ‘हॅव बीन’ने बेत फसल्याची बातमी दिली. बातम्यांचं भाषांतर करणाऱ्यांनी हे एक तरी डोक्यात पक्कं बसवावं, कारण मूळ वाक्यात ‘रद्द’ किंवा ‘बारगळला’ असा शब्द कुठेच सापडत नाही आणि भाषांतरात तो हातचा सुटतो.

टोकदार
नकाराची जागाही बघा.
‘ही आस्क्ड नॉट टू बी डिस्टर्ब्ड.’ मला त्रास देऊ नका, असं तो म्हणाला.
‘ही डिडन्ट आस्क टू बी डिस्टर्ब्ड.’ तो काही म्हणालाच नव्हता की या, मला त्रास द्या.
दुसरं वाक्य चिडून बोलायचं.

नवशिकी
आणि ‘अव्हॉइड टू बी सीन’? माझ्या एका निबंधात शिक्षकांनी लाल केलं होतं.

पाटीपेन्सिल
‘अव्हॉइड’ला ‘टू’ चालतच नाही, म्हणून ‘टू बी’ही नाही. ‘अव्हॉइड बीइंग सीन.’ ‘एंजॉय’, ‘माइंड’, ‘रिस्क’, ‘डिनाय’, ‘रिझेंट’, ‘एस्केप’ हे सगळे ‘-इंग’वाले, यांना पॅसिव्ह हवं तर ‘बीइंग’. ‘आय डोन्ट माइंड बीइंग आस्क्ड.’ ‘रिमेंबर’ला दोन्ही रूपं चालतात, पण जुन्या आठवणीसाठी ‘-इंग’च: ‘आय डोन्ट रिमेंबर बीइंग टोल्ड.’ हे वाक्य पाठ करून ठेवा, फार उपयोगी पडतं.

अर्धविराम
‘ईझी टू बी सॉल्व्ड’ राहिलं. तुमच्या प्रश्नाप्रमाणे प्रॉब्लेमवर क्रिया होतेय, मग ‘टू बी’ का नको?

कावळोबा
कारण तिथे आधी क्रियापद नाही, विशेषण आहे, आणि ‘ईझी’, ‘हार्ड’, ‘डिफिकल्ट’, ‘इम्पॉसिबल’ या टोळीचा कायदा वेगळा. ही विशेषणं ‘टू’नंतरच्या क्रियापदातली कर्माची जागा रिकामी ठेवून घेतात आणि ती जागा वाक्याच्या कर्त्याने भरतात. ‘धिस प्रॉब्लेम इज ईझी टू सॉल्व्ह’ म्हणजे सोडवायला सोपा. बघा, इथे मराठीचं ‘सोडवायला’ आणि इंग्रजीचं ‘टू सॉल्व्ह’ चक्क एकमेकांच्या गळ्यात गळा घालून चाललेत. नेमकं इथेच लोक धास्तीने ‘टू बी’ घुसवतात! पण सगळी विशेषणं या टोळीतली नव्हेत. ‘लाइकली’ हे ‘सीम’च्या गोटातलं, तिथे ‘लाइकली टू बी सॉल्व्ड’ हवंच.

नामापुढेही असंच सैल असतं. ‘देअर इज अ लॉट टू डू’ आणि ‘अ लॉट टू बी डन’ दोन्ही ठीक. पण ‘देअर इज नथिंग टू डू’ म्हणजे वेळ जात नाहीये, आणि ‘देअर इज नथिंग टू बी डन’ म्हणजे इलाज खुंटला. ‘ही इज टू ब्लेम’ हे जुनं वळण, त्यात ‘टू बी’ नसतानाही दोष त्याच्याच माथी बसतो.

अर्धविराम
मसुदा पूर्ण केला. ‘सजेस्ट’चं वाक्य ‘दॅट द फी बी रिड्यूस्ड’ केलं, तर लेखकाचा लगेच निरोप: ‘इथे ‘इज’ राहिलाय, टायपिंगची चूक का?’ त्याला या धाग्याचा दुवा पाठवलाय.

उंटावरचा शहाणा
सदस्य होऊन वाद घालायला आला तर माझ्याकडे पाठवा.

नवशिकी
शेवटचं विचारते. ‘द रोड सीम्स टू बी रिपेअर्ड’ म्हणजे दुरुस्ती चालू आहे की झालेली आहे? चालू आहे असं म्हणायचं तर ‘टू बी बीइंग रिपेअर्ड’ म्हणता येतं का?

कावळोबा
‘सीम्स टू बी रिपेअर्ड’मधून झालेली असा अर्थ निघतो. चालू आहे म्हणायला ‘टू बी बीइंग रिपेअर्ड’ व्याकरणाने चालतं, क्वचित सापडतंही. पण दोन ‘बी’ लागोपाठ आले की बोलणाऱ्याची जीभ अडखळते, म्हणून लोक वाट बदलतात: ‘इट सीम्स द रोड इज बीइंग रिपेअर्ड.’ तुम्हीही तेच लिहा.